माझ्या अंगावर बॅग पडली नव्हती

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात माझ्याविषयी जे लिहिलं आहे ते साफ खोटं आहे. हे मला खात्रीने ठाऊक आहे, कारण ते मीच सांगितलेलं आहे.

वाक्य असं आहे : ‘सभासद श्री. दिवेकर सर यांच्या अंगावर सभागृहातील बॉक्सिंगची बॅग पडून त्यांच्या उजव्या अंगठ्यास दुखापत झाली.’ बॅग पडली नव्हती! बॅग आपल्या जागी शांतपणे लटकत होती. तिने माझं काहीही बिघडवलेलं नव्हतं. हे वाक्य काढून टाका म्हणून मी आमचे सेक्रेटरी सबनीस यांच्याकडे तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच : “सर, मंजूर झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. खोटं असलं तरी.” म्हणून आता सगळं इथे लिहितो आहे. इथे मंजुरीला सबनीस नाहीत.

मी चौतीस वर्षं शाळेत होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर वारज्याच्या या सोसायटीत राहायला आलो आणि महिन्याभरात खालच्या बागेत सकाळचा प्राणायाम वर्ग सुरू केला (कोणी मागणी केली नव्हती). प्राणायामात आदिमुद्रा नावाची एक मूठ असते. अंगठा तळहातावर आडवा ठेवायचा आणि चारही बोटं त्याच्यावर मिटायची. ही मूठ मी बारा वर्षं रोज वळत होतो. नुसती वळत नव्हतो, एकोणीस ज्येष्ठ नागरिकांकडून वळून घेत होतो. तेव्हा मूठ या विषयात पौड रस्त्यापासून सिंहगड रस्त्यापर्यंत माझ्याएवढा अधिकारी माणूस नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

अशा घरात माझी तेरा वर्षांची नात सई बॉक्सिंग शिकायला लागली. सोसायटीच्या सभागृहात संध्याकाळी हा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या मनीषाताई सत्तावीस वर्षांच्या. वाघोलीहून स्कूटरवर यायच्या, म्हणजे शहराच्या त्या टोकाहून या टोकाला, हाडं खिळखिळी करून घेत. सईवर त्यांचा फार जीव होता. शाळांच्या जिल्हा स्पर्धेची निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती आणि सई त्यात नक्की निवडली जाणार, असं त्या म्हणत होत्या.

शुक्रवारी जेवताना सईने आमटीच्या वाटीवर मूठ धरली. मी बघितली आणि हातातला घास ताटात ठेवला.

“सई, अंगठा आत घे.”

“आजोबा, मॅडम म्हणतात बाहेर.”

“बाहेर? अंगठा बाहेर ठेवून मूठ कशी होईल? घरातलं माणूस जिन्यात उभं करून दार लावण्यातला प्रकार आहे!”

“अहो, तो असा बोटांवर आडवा धरायचा. पहिल्या दोन बोटांच्या मधल्या पेरांवर. मनगट सरळ. आणि ठोसा बसतो तो या दोन उंचवट्यांनी.” तिने मला दोन्ही उंचवटे दाखवले. दोन्ही लाल झालेले होते.

“मी बारा वर्षं मूठ वळतोय. तुझ्या मॅडम तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या!”

“पण आजोबा, तुम्ही मूठ वळून श्वास घेता. मारत कुणाला नाही.”

“अहो, जेवू द्या तिला,” निर्मला म्हणाली. निर्मला म्हणजे माझी बायको. “तुमच्या मुठीला एकोणीस म्हातारे आहेत. तेवढे पुरेत.”

हा अपमान मी गिळला. निदान मला तसं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साडेचारलाच सईला म्हटलं, “चल, आज मी येतो तुझ्याबरोबर.” सभागृहाची एक किल्ली माझ्याकडे असते (प्राणायामाच्या सतरंज्या तिथल्या कपाटात आहेत). आम्ही आत गेलो तर तिसरं कोणी नव्हतं. ती लांबोडकी लाल बॅग तेवढी मधोमध लटकत होती. इतक्यात सईच्या फोनवर मनीषाताईंचा फोन आला, सईने तो स्पीकरवर घेतला. त्या रस्त्यात अडकल्या होत्या.

“सई, मी येईस्तोवर दोरीउड्या मार. बॅगला कोणी हात लावायचा न्हाई.”

‘कोणी’ हा शब्द मला लागला. मी काही वाटेवरचा माणूस नव्हे की मला ‘कोणी’ म्हणावं!

“बघ आता,” मी बाह्या सरसावल्या.

“आजोबा, नको ना. निदान ग्लोव्ह्ज तरी घाला.”

ग्लोव्ह्ज मी तपासले. त्यांत अंगठ्याला वेगळं घर शिवलेलं असतं, तो आत घेताच येत नाही. म्हणजे मोजाच मुळात चुकीचा शिवलेला! मी तो बाजूला ठेवला. ताठ उभा राहिलो. दीर्घ श्वास घेतला. आदिमुद्रा केली. आणि बारा वर्षांची सगळी साधना एकवटून त्या बॅगेला ठोसा मारला.

मंडईत भेंडी घेताना ताजी आहे का बघायला आपण तिचा शेंडा मोडतो. तसा आवाज आला. (भेंडी फार ताजी होती.)

झालं असं की बॅगेपाशी पोचल्यावर चार बोटं थांबली, पण त्यांच्या मागून माझा सबंध देह येत होता आणि मध्ये अंगठा होता. बाहेरून बॅग, आतून मी. पळायला त्याला जागाच नव्हती.

“आजोबा!”

“काही नाही. सांधा मोकळा झाला.”

“अहो, निळा होतोय तो!”

“तू दोरीउड्या मार.”

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते बघत मी, ज्याने चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं, तो मी तिला म्हणालो, “सई, हे आपल्या दोघांत. माझी शपथ आहे तुला.” हा माझा पहिला गुन्हा. अंगठा मोडणं हा नुसता गाढवपणा होता.

खाली लिफ्टपाशी चिरंजीव भेटले. मंदार, सईचा बाप.

“बाबा, हात का असा धरलाय? काय झालं?”

“काही नाही रे. ती बॅग लागली.”

आता यात खोटं काय होतं? बॅग लागलीच होती! कोण कोणाला लागलं एवढा बारकावा मी सांगितला नाही, इतकंच. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्याऐवजी मंदारच बोलला, “पंचिंग बॅग स्विंग होऊन यांच्यावर आली.” मी नाही म्हणालो नाही. अंगठ्याच्या बुडाशी हाड मोडलं होतं. प्लास्टर चालू असतानाच सबनीसांचा फोन. “सर, हुक सैल होता का हो?” मी म्हणालो, “बघायला हवा.” (आजही माझं म्हणणं आहे की हुक अधूनमधून बघायलाच हवा.)

एवढ्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपने जे केलं त्याची जबाबदारी मी घेणार नाही! पहिला निरोप : ‘दिवेकर सरांना बॅग लागली.’ दहा मिनिटांनी : ‘सरांवर बॅग कोसळली.’ पुढे : ‘बॉक्सिंगवाल्यांचा ज्येष्ठ नागरिकाला मार.’ बी विंगमधल्या एका गृहस्थांनी तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून टाकलं. त्यांना फोन करून मी जिवंत असल्याचं कळवलं, तर म्हणाले, “असू द्या आता. लोकांनी हात जोडलेत.”

रविवारी सकाळी सभागृहाच्या दाराला सूचना लागली : ‘बॉक्सिंग वर्ग पुढील आदेशापर्यंत बंद.’

दुपारी मनीषाताई डाळिंबं घेऊन मला भेटायला आल्या. मी त्यांचा आवाज ऐकला आणि पांघरूण डोक्यावर घेतलं. प्लास्टरचा हात तेवढा बाहेर राहिला, खोलीच्या दारातून दिसेल असा.

“काकू, कसे हायत काका?”

“झोपलेत. ऐक ना, घोरतायत.”

“काकू, तो हुक मी रोज स्वतः लटकून बघते. साठ किलोची हाय मी. ती बॅग पडंलच कशी?”

मी आणखी जोरात घोरलो. त्यांनी डाळिंबं ठेवली आणि त्या गेल्या. दार लागल्यावर निर्मला आत आली.

“बेचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. झोपेत तुम्ही कधी घोरत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे डाळिंब सोलून देणार नाही मी. एका हाताने सोला.”

ते चार दिवस मला फार जड गेले. सई बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, हवेत ठोसे मारत असायची. माझी शपथ तिने पाळली. कोणाला एक अक्षर बोलली नाही. माझ्याशीही नाही. तिची मूठ मात्र मला काचेतून दिसायची. अंगठा बाहेर. चाचणी रोज एकेक दिवस जवळ येत होती, आणि मारायला बॅग नाही, शिकवायला मॅडम नाहीत. मुलीने रडावं, भांडावं, तर तेही नाही! वाढलेलं मुकाट्याने जेवायची आणि ताट उचलून जायची.

बुधवारी सोसायटीची सभा लागली. विषय क्रमांक एक : बॅग. मी प्लास्टर सावरत उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं.

“अंगठा मी स्वतः मोडून घेतला. बॅगेचा दोष नाही, हुकाचा नाही, आणि मनीषाताईंचा तर मुळीच नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

सबनीसांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“याला म्हणतात शिक्षक! एका मुलीच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून माणूस दोष स्वतःवर घेतोय!”

टाळ्या!

“अहो सबनीस, खरंच मी खोटं बोललो!”

“सर, आपण आणि खोटं? आम्ही काय आपल्याला आज ओळखतो?”

“मी अंगठा आत ठेवून बॅगेला ठोसा मारला हो!”

“त्र्याहत्तराव्या वर्षी? सर, पटेल असं तरी काही सांगा.”

मला विचाराल तर या देशात अन्याय तो हाच! खोटं बोललो तेव्हा एकाने पुरावा मागितला नाही. खरं बोलायला उभा राहिलो तर जिकडेतिकडे शंका! मी ओरडलो, टेबलावर मूठ आपटायला गेलो (प्लास्टरची, ती आणखी एक चूक), तर “सर भावनावश झालेत, पाणी द्या,” असं म्हणून मला खाली बसवलं. कोणाच्या तरी घरून शाल आली. माझ्या खांद्यावर घातली. आणि सरांच्या विनंतीला मान देऊन असा ठराव झाला की, मनीषाताईंनी सरांची लेखी माफी मागितल्यास वर्ग पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. माझी! त्यांनी! लेखी!

मनीषाताईंचं उत्तर तासाभरात आलं. “मी काय केलेलं न्हाई. मी लिहून देणार न्हाई.” बरोबर होतं त्यांचं. पण वर्ग बंद तो बंदच.

गुरुवारी सकाळी मी वाघोलीला निघालो. दोन बस बदलल्या. दुसऱ्या बसमध्ये प्लास्टर बघून एकाने जागा दिली आणि विचारलं, “काय झालं काका?” मी म्हटलं, सराव तरी होईल, म्हणून खरं ते सांगितलं. तो हसला. “नसेल सांगायचं तर राहू द्या.”

मनीषाताईंच्या अंगणात कडुनिंबाला टायर टांगलेला होता आणि त्या त्यावर ठोसे मारत होत्या. मला बघून थांबल्या, खुर्ची दिली, आतून चहा मागवला. मी मात्र उभ्यानेच सुरुवात केली.

“मनीषाताई, बॅग पडली नव्हती. मी…”

“ठाव हाय.”

“काय ठाव आहे?”

“काका, प्लास्टर बघितलं तवाच कळलं. बॅग अंगावर पडली तर खांदा जाईल, मनगट जाईल. अंगठा असा बुडात मोडतो तो आत ठेवून मारल्यावर. पहिल्या दिवशी बारकी पोरं करत्यात असं. म्हणून तर मी नव्या पोरांना पंधरा दिवस नुसती मूठ शिकवते.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही घोरत व्हता.”

चहा आला म्हणून बरं झालं. मला खाली बघायला काहीतरी मिळालं.

“मी सभेत सगळं सांगितलं हो. कोणी विश्वास ठेवत नाही,” मी म्हणालो.

“मोठ्या मान्सांना कशाला सांगता? त्यांना तुम्ही सर दिसताय. पोरांना सांगा. पोरं घरी सांगत्यात, आणि पोरांचं समदे ऐकत्यात.”

शुक्रवारी संध्याकाळी, सभागृह बंद म्हणून, माझ्या प्राणायामाच्या जागेवर बागेत बॉक्सिंगच्या वर्गाची बावीस मुलं येऊन बसली. मनीषाताई एका बाजूला उभ्या. सई सगळ्यात मागे. मी मूठ कशी वळली, ठोसा कसा मारला, आवाज कसा आला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “आणि मी बॅगेचं नाव सांगितलं. सईला शपथ घातली. दोन्ही चूक.”

आता बघा. सबंध सोसायटीला जे पटलं नाही ते या मुलांना पटायला अर्धं मिनिट लागलं नाही!

“मी पण आत ठेवला होता!” एक मुलगी ओरडली. “पण माझा फक्त सुजला.”

“माझा पण!”

“आजोबा, तुम्ही रडलात का?”

“थोडा,” मी म्हणालो. सई मागून मोठ्याने म्हणाली, “थोडा नाही!” सहा दिवसांनी तिने माझ्याशी काढलेला तो पहिला शब्द. शपथ सुटली होती.

दिवेलागणीपर्यंत बावीस घरांत बातमी पोचली. सबनीसांचा फोन आला.

“सर, आमची नात म्हणते, आपण अंगठा आत ठेवून… खरं का हे?”

“मी परवा सभेत दुसरं काय सांगत होतो?”

“सांगत होता खरं. पण आम्हाला वाटलं, मोठ्या मनाने सांगताय.”

शनिवारी वर्ग सुरू झाला, माफीबिफीशिवाय. (माझी शाल मात्र परत मागून नेली!) इतिवृत्त तेवढं मंजूर होऊन बसलं होतं.

चाचणीला दोनच दिवस उरले होते. चाचणीत सई दुसऱ्या फेरीत हरली. घरी आल्यावर तिने हातांवरच्या पट्ट्या सोडल्या आणि म्हणाली, “मूठ एकदम बरोबर होती म्हणाल्या मॅडम. दम कमी पडला. आठवडाभर सराव नव्हता ना.” त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट काही बोललो असतो. तो आठवडा मी तिला कुठून आणून देणार? मंदार म्हणाला, “जाऊ दे बाबा, पुढच्या वर्षी आहेच.” मी उठून आत गेलो. या वेळी कोणी आलेलं नव्हतं, तरी पांघरूण डोक्यावर घेतलं.

तेव्हापासून नव्या मुलांची तुकडी आली की पहिल्या दिवशी मनीषाताई मला बोलावतात. मी खुर्चीवर बसून अंगठा वर धरतो. तो अजून पुरता वाकत नाही. मुलं रांगेने येऊन बघून जातात, काही हात लावून बघतात. प्राणायामाला येणारे एकोणीस जण तर रोज सकाळी, अगदी गंभीर चेहऱ्याने, एकेक करून विचारतात, “सर, आज अंगठा आत की बाहेर?”

मागच्या तुकडीत दोन वेण्या घातलेली एक सहा वर्षांची मुलगी होती. तिने माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला.

“आजोबा, तुम्हाला बाहेर ठेवा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं.”

“मग ऐकलं का नाही?”

“सांगणारे सगळे माझ्यापेक्षा लहान होते.”

तिने विचार केला. “तुमच्यापेक्षा मोठं कोण आहे?”

“आता फारसं कोणी उरलेलं नाही.”

“मग तुम्हाला शिकवणार कोण?”

मनीषाताईंनी रांगेतल्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. मी खुर्ची सोडली आणि त्या वेण्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पंधरा दिवस आम्ही दोघं शेजारी शेजारी नुसती मूठ वळत होतो. सोळाव्या दिवशी ती वरच्या वर्गात गेली. मला मनीषाताईंनी त्याच वर्गात ठेवलं आहे.